‘दोन हात जाड भिंतीला नियम कशाला?’ या संदेशाला उत्तर

घर बांधायला काढलेल्या लोकांच्या मोबाइलवर एक संदेश हमखास येतो. त्याचा मथितार्थ असा: आजोबांच्या घराच्या भिंती दोन हात जाड, मातीत बांधलेल्या, तरी शंभर वर्षं उभ्या आहेत, तेव्हा कुठले नियम होते? भिंत जाड ठेवा, सिमेंट सढळ हाताने घाला, पट्ट्या (भिंतींवरून सलग फिरणारा सळईचा काँक्रीट थर) वगैरे सगळा सिमेंट-सळईवाल्यांचा धंदा आहे, आणि आपल्या भागात भूकंप होतच नाही. हे वाचून कुणी खरंच घर बांधलं तर त्यात माणसं झोपणार आहेत. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी जाडी. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे लातूरजवळच्या किल्लारी परिसरात भूकंपाने जी हजारो माणसं गेली, त्यांतली बहुतेक अशाच जाड दगडी भिंतींखाली आणि माळवदाखाली, म्हणजे मातीच्या जड सपाट छपराखाली, गेली. अशी भिंत बाहेरून एकसंध दिसते, पण आत दोन वेगळ्या भिंती असतात. बाहेरच्या तोंडाचे दगड, आतल्या तोंडाचे दगड आणि मध्ये चिपा-मातीची भर. हादरा बसला की दोन्ही तोंडं एकमेकांपासून सुटतात, मधली भर खाली घसरते आणि तोंडांना आणखी बाहेर रेटते. भिंतीला पोट सुटतं आणि ती ढासळते. भूकंपाचं बल वजनाच्या प्रमाणात वाढतं, त्यामुळे आरपार न सांधलेली जाडी हा जास्तीचा बोजाच ठरतो.

म्हणूनच कमी ताकदीच्या दगड-विटांच्या बांधकामासाठीचं भारतीय मानक, आयएस 13828, दगडी भिंतीच्या जाडीला वरची मर्यादा घालतं: 450 मिमीपेक्षा जास्त नको. त्याऐवजी ते आरपार दगड मागतं. दर 600 मिमी उंचीच्या थरात, एकमेकांपासून 1.2 मीटरपेक्षा लांब नाही, असे या तोंडापासून त्या तोंडापर्यंत पोचणारे दगड. एवढा लांब दगड मिळत नसेल तर भिंतीच्या पाऊण जाडीइतक्या लांबीचे दोन दगड, एक आतून आणि एक बाहेरून, शेजारी शेजारी लावायचे. याला पैसा फारसा लागत नाही, लक्ष लागतं. गिलावा झाल्यावर ते दगड आहेत की नाहीत हे कुणालाच दिसत नाही, आणि नेमकी तिथेच कसूर होते.

जुनं घर उभं आहे त्यांनी ते पाडू नये. आरपार दगडाची उणीव भरून काढता येते: भिंतीतले दोन-चार दगड हलक्या हाताने काढून आरपार भोक करायचं, आकडा वळवलेली सळई घालायची आणि काँक्रीट भरायचं, ही पद्धत किल्लारीनंतरच्या दुरुस्तीत वापरली गेली.

‘शंभर वर्षं टिकली’ या मुद्द्यात टिकलेलीच घरं मोजली जातात. पडलेल्या घरांचे दगड कधीच दुसऱ्या भिंतीत गेलेले असतात. शिवाय शंभर वर्षं छपराचं वजन सरळ खाली पेलणं वेगळं आणि काही सेकंद आडवा धक्का सोसणं वेगळं.

सिमेंटचं थोडक्यात सांगतो. साध्या घराच्या भिंतीला 1:6 चा मसाला, म्हणजे एक भाग सिमेंटला सहा भाग वाळू, बहुतेक वेळा पुरतो. त्याहून फार तिखट, म्हणजे जास्त सिमेंटचा, मसाला आकसतो, तडकतो. विटा भिजवल्या नाहीत, सांधमोड (वरचा उभा सांधा खालच्या सांध्यावर न येऊ देणं) पाळली नाही, पाणी मारलं नाही, तर ओतलेलं सिमेंट वाया जातं.

पट्ट्या हा धंदा आहे, हा आरोप मला सगळ्यात जास्त खटकतो. हेच मानक काँक्रीटऐवजी लाकडी पट्टीही चालवून घेतं, आरपार दगडाच्या जागी लाकडाचा तुकडाही चालवून घेतं. सिमेंट-सळई खपवायची असती तर ही सवलत कशाला दिली असती? काँक्रीटची पट्टीही किमान 75 मिमी जाडीची, आणि लहान खोल्यांच्या घरात तिच्यात दोनच आडव्या सळ्या. दारं-खिडक्यांच्या वरून ती सगळ्या भिंतींवर सलग फिरते आणि चार भिंतींना एकत्र हलायला लावते. ती नसेल तर प्रत्येक भिंत आपापली झुलते आणि कोपरा उभा फाटतो.

राहिला भूकंप न होण्याचा मुद्दा. 1993 पर्यंतच्या देशाच्या भूकंप-धोक्याच्या नकाशात किल्लारी सर्वांत कमी धोक्याच्या, पहिल्या क्षेत्रात होती. 2002 च्या सुधारणेत ते पहिलं क्षेत्रच रद्द झालं आणि किल्लारीसह लातूरचा भाग जास्त धोक्याच्या तिसऱ्यात गेला. त्याच्याही आधी, 11 डिसेंबर 1967 ला, भूकंपाने कोयनानगरची दगडी घरं पडली होती.

बांधकाम सुरू असेल तर पट्टीचं काँक्रीट ओतण्याआधी स्वतः कोपऱ्यावर जाऊन पाहा. सळई कोपऱ्यात संपलेली नको. ती वळून पुढच्या भिंतीत पुरेशी आत गेलेली हवी. नसेल तर काम तिथेच थांबवा आणि सळई वळवून घ्या, कारण एकदा काँक्रीट पडलं की ती चूक दुरुस्त करणं फार अवघड असतं.