बारा पर्याय देता येतात हो!

आज सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर पोल आला. 'पार्किंगमध्ये मुलांचे क्रिकेट बंद करावे का? हो / नाही. उद्या रात्री ९ पर्यंत मत द्यावे.' व्हॉट्सअ‍ॅपच्या पोलमध्ये बारा पर्याय टाकता येतात. आमच्या कमिटीला दोन सुचले. त्यात कोणी काय दाबलं ते नावानिशी दिसतं, म्हणजे अध्यक्षांनी 'हो' दाबलं की मागे रांग लागलीच. कमिटीच्या निवडणुकीत मतपत्रिका घडी घालून पेटीत टाकतो आपण, ती काय हौस म्हणून?

पण पोल आला याचा राग नाही. हा प्रश्न गेल्या वर्षीच सुटला होता, आणि सोडवला होता सहावीतल्या एका पोराने, याचा राग आहे.

वार्षिक सभेत 'ऐनवेळचे विषय' सुरू झाले तोवर अर्धे लोक समोशांकडे वळले होते. हा उठला. हातात आलेख कागद. त्यावर पार्किंगचा नकाशा, खांबांचे नंबर, आणि प्रत्येक गाडीच्या चौकोनात बारीक अक्षरात वेळ. 'पांढरी स्विफ्ट, सव्वासातनंतर.' 'निळी अ‍ॅक्टिव्हा, कधीही, पण काकू ओरडत नाहीत.' मागच्या भिंतीकडच्या जागा सातपर्यंत रिकाम्याच असतात, तेवढ्यात खेळू द्या, बॉल प्लास्टिकचा वापरू, एवढंच त्याचं म्हणणं. अध्यक्ष म्हणाले, "बाळा, मोठ्यांच्या मीटिंगमध्ये मध्ये बोलू नये." लोक हसले. इतिवृत्तात त्या कागदाचा उल्लेखही नाही.

आणि हेच लोक रात्री टीव्हीसमोर बसून भारताच्या कॅप्टनने फील्डिंग कशी लावायला हवी होती ते सांगणार! फुकटच्या मोबाईल गेमला दोन स्टार देऊन खाली कंपनीला चार सूचना करणार. तिथे आपलं मत मौल्यवान.

शहराचा विकास आराखडा असतो ना, त्यावर हरकती-सूचना मागवाव्याच लागतात, कायदाच आहे तसा. २०१५ साली मुंबईच्या प्रारूप आराखड्यातल्या चुका लोकांनी अशा काही बाहेर काढल्या की सरकारला तो बाजूला ठेवून नव्याने करायला लावावा लागला. पुण्यात २००६ पासून वॉर्डातली छोटी कामं नागरिकांकडून सुचवून घेऊन अंदाजपत्रकात धरायची पद्धत आहे. गावात ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते, कारण भरल्या चावडीत त्यांना कोण बोलू देतंय? ज्याला मताचा अधिकार नाही किंवा असून आवाज नाही, त्याच्यासाठी मुद्दाम जागा करावी लागते. सरकारदरबारी हे कळलं, आमच्या बिल्डिंगला कळायचंय.

बरं, सूचना देणारे वैतागही आणतात. लिफ्टच्या आरशावर तीन पानी पत्र लिहिणारे काका आमच्याकडेही आहेत. कमिटी फुकट राबते आणि वर शिव्या खाते, मान्य. काच फुटली तर भरून कोण देणार, हाही प्रश्न खोटा नाही. पण त्या पोराच्या कागदावर डाव्या कोपऱ्यात लिहिलं होतं, 'काच फुटली तर आम्ही वर्गणी काढू.' वाचलं असतं तर दिसलं असतं.

जाऊ दे, चिडून काय होणार. सगळ्यांचं सगळं ऐका असं माझं म्हणणंच नाही. नाही म्हणा, पण का नाही ते सांगा. 'गाड्या मागे घेताना लहान मुलं दिसत नाहीत, भीती वाटते,' एवढं कुणी म्हटलं असतं तर तो दुसऱ्या दिवशी नवा नकाशा घेऊन दारात उभा राहिला असता, मला खात्री आहे. आमच्या ग्रुपवर मात्र कुठल्याही सूचनेला उत्तर एकच, जोडलेले दोन हात. पाणी गळतंय, जोडलेले हात. जिन्यात दिवा नाही, जोडलेले हात!

मी पोलमध्ये काहीच दाबलेलं नाही. सेक्रेटरींना अर्ज लिहिलाय. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावीच लागते, तर या वेळी हा विषय रीतसर विषयपत्रिकेवर घ्या, समोशांच्या वेळचा नको, आणि नकाशा काढणाऱ्याला पाच मिनिटं बोलू द्या. मतदान त्यानंतर करा, खुशाल करा. त्याच्या आईकडे तो कागद अजून आहे, झेरॉक्स अर्जाला जोडतोय.

आमच्या बिल्डिंगमधले चारपाच जण इथे फ्रेंडलिस्टमध्ये आहेत. संध्याकाळी बी विंगमध्ये या, चहा ठेवतो. पोस्टखाली अंगठे नकोत, अर्जावर सह्या हव्यात.