दाढी खरी होती, म्हणून काय?

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. हॉलिवूडमधल्या एका निर्मात्याची फरफट दाखवणाऱ्या 'व्हॉट जस्ट हॅपन्ड' (२००८) या सिनेमाला मी परीक्षणात 'बेतास बात' म्हटलं ते तुम्हाला झोंबलं. तुमचं म्हणणं असं, की हा सिनेमा निर्माता आर्ट लिन्सनने स्वतःच्याच आठवणींवरून लिहिलाय, दाढीचा किस्सा (नट दाढी काढायला तयार नाही आणि शूटिंग धोक्यात, तो) प्रत्यक्ष घडलेला आहे, आणि हॉलिवूडची पायरीही न चढलेल्या माझ्यासारख्याने त्यावर बोलू नये.

पायरी चढलेलो नाही, कबूल. पण प्रेक्षक तर आहे, आणि या सिनेमातला सगळ्यात झकास विनोद प्रेक्षकांवरच आहे.

शॉन पेन हिरो असलेल्या एका सिनेमाचा चाचणी-खेळ चालू असतो. शेवटी हिरो मरतो. त्याचं कुणाला काही वाटत नाही. पण मग गुंड त्याच्या कुत्र्यालाही गोळी घालतात आणि अख्खं थिएटर हादरतं. झालं! स्टुडिओची प्रमुख (कॅथरीन कीनर) निर्मात्याला बजावते, की शेवट बदला. ती आवाज चढवत नाही, म्हणून तर जास्त भीती वाटते. दिग्दर्शकाला वाटतं, कुत्रा वाचला तर आपला सिनेमा मेला. या दोघांच्या मधे निर्माता, म्हणजे रॉबर्ट डी नीरोचा बेन. गंमत अशी, की यात चुकीचं कुणीच नाही. स्टुडिओचे पैसे अडकलेत, दिग्दर्शकाचा जीव अडकलाय, आणि आपल्याला माणूस मेलेला चालतो, कुत्रा नाही. मी हसलो आणि थोडा ओशाळलोही.

दाढीच्या प्रकरणात हे होत नाही. मूळ किस्सा 'द एज'च्या (१९९७) वेळचा, अ‍ॅलेक बाल्डविनच्या दाढीचा. ती उतरेल की शूटिंग बोंबलेल, या विचाराने लिन्सनची झोप उडाली असणार. पडद्यावर मात्र ब्रूस विलिस 'ब्रूस विलिस' म्हणूनच येतो, ती जंगली दाढी मिरवतो, कपडे भिरकावतो, शिव्या देतो. स्वतःची टिंगल करायला तो आपणहून तयार झालाय हे आपल्याला माहीत असतं, त्यामुळे धाकधूक अशी वाटतच नाही. स्नेहसंमेलनात सरांची नक्कल सरांनीच करावी, तसं.

आणि त्याच १९९७ सालचा 'वॅग द डॉग' आठवा. दिग्दर्शक हाच, बॅरी लेव्हिन्सन. डी नीरोही त्यात आहे. त्यातला डस्टिन हॉफमनचा निर्माता राष्ट्राध्यक्षाची भानगड झाकायला खोटं युद्ध उभं करतो, आणि एवढं करून त्याला सलतं काय, तर श्रेय मिळत नाही हे! ती गोष्ट धादांत रचलेली, तरी तो माणूस मला बेनपेक्षा खरा वाटला. कारण तिथे निर्मात्याला कुणी सांभाळून घेतलेलं नाही. इथे बेन सगळ्यांचा मार खाणारा, बिचारा. आठवणी लिहिणाऱ्याने स्वतःला जरा हळुवार हाताने रंगवलंय, अशी शंका मला पूर्ण वेळ येत राहिली.

तुमची एक तक्रार मात्र रास्त आहे. जॉन टर्टुरोच्या एजंटबद्दल मी एक ओळही लिहिली नव्हती. आपल्याच नटाला दाढी काढ म्हणायच्या नुसत्या कल्पनेने पोट बिघडणारा एजंट! तो पुन्हा पाहिला आणि पुन्हा हसलो. परीक्षणात त्याच्यावर परिच्छेद वाढवतोय. 'बेतास बात' तेवढं राहू देतो.