अर्धा सूत

सायकलची चेन ताणली आहे की नाही हे कळायला साधी बारा इंची पट्टी पुरते. आतली-बाहेरची जोडी एक धरून बारा लिंका मोजायच्या. बरोबर बारा इंच भरल्या पाहिजेत. माझ्या मागच्या महिन्यात अर्धा सूत जास्त भरल्या. अर्धा सूत म्हणजे इंचाचा सोळावा हिस्सा. मी त्याच संध्याकाळी नागपुरातल्या सीताबर्डीला गेलो, नवी चेन आणली आणि रात्री साडेदहाला बसवूनही टाकली.

हॉलच्या भिंतीतली फट तीन सूत आहे. हे माप बायकोनं काढलं. माझीच पट्टी घेऊन, मी चेनवरचा हात पुसत असताना.

तिला मी जमिनीचं कारण सांगतो. आमचं घर जयताळ्याच्या बाजूला, काळ्या मातीवर. उन्हाळ्यात माती आटते, फट उघडते. पावसाळ्यात माती पाणी पिऊन फुगते, फट मिटत येते. जे दुखणं दरवर्षी आपोआप बरं होतं त्याला औषध कशाला? यावर ती एवढंच म्हणाली, "मग चेन पण ठेवायची होती ना पावसाळ्यापर्यंत."

तिसरं माप डॉक्टरांकडचं. उजव्या गुडघ्याचा एक्स-रे उजेडासमोर धरून ते म्हणाले, "सांध्यातली जागा कमी झालीय." मी विचारलं, "किती सूत?" ते मिलिमीटरवाले निघाले.

तर चेन, भिंत आणि गुडघा. तिघांपैकी चेनचा स्पेअर दुकानात रोख मिळतो, म्हणून मी चेन दुरुस्त करतो. गुडघ्याचाही मिळतो म्हणे, पण तो रात्री साडेदहाला घरच्या घरी बसवता येत नाही.

पहिली रेस मी मारली 1986 साली, कॉलेजात असताना, वडिलांच्या काळ्या सायकलचं मडगार्ड, कॅरियर, स्टँड आणि चेनकव्हर काढून. रात्री सगळं परत बसवलं तेव्हा दोन नट उरले. दुसऱ्या दिवशी वडील ऑफिसातून आले ते एका हातात डबा आणि दुसऱ्या हातात कॅरियर घेऊन. दुरुस्तीच्या बाबतीत घरच्यांचा माझ्यावरचा विश्वास तेव्हापासून आहे तेवढाच आहे.

आता अठ्ठावन्न झालं. मनगटावर घड्याळ आलं, ते ठोके मोजतं. जुनं सूत्र सांगतं, 220 मधून वय वजा करा, तो हृदयाचा कमाल वेग. माझा आला 162. मला तो फार कंजूष वाटला. मग 2001 सालचं दुसरं सूत्र सापडलं: वयाला 0.7 नं गुणा आणि 208 मधून वजा करा. त्यानं आला 167. बसल्या जागी पाच ठोके जास्त! मी लगेच पक्ष बदलला. डॉक्टर म्हणाले, दोन्ही सरासरीची गणितं आहेत, माणसामाणसांत दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज असतो. म्हणजे मी 177 सुद्धा असू शकतो. हे त्यांनी सांगायला नको होतं.

वर्धा रोडवर बुटीबोरीच्या दिशेनं पहाटे जो घोळका निघतो त्यात मी सगळ्यात म्हातारा. घोळक्याचा एक धर्म असतो. पुढच्याच्या चाकाला चिकटून राहिलं की वारा तो कापतो, आपली पाव हिस्सा तरी ताकद वाचते. म्हणून प्रत्येकानं थोडा थोडा वेळ पुढे यायचं. दहा वर्षांपूर्वी मी मागे लपलो तर पोरं ओरडायची, "ओ भाऊ, या ना समोर!" आता कोणी ओरडत नाही. उलट माझी पाळी आली की आवाज येतो, "राहू द्या काका, तुम्ही बसा मागे." काकाला शेवटच्या पाचशे मीटरपर्यंत फुकट नेतात आणि मग टाकून जातात. परतताना तर्री-पोह्याचे पैसे मात्र काकाच देतो.

छंदाचा घराला अगदीच उपयोग होत नाही असंही नाही. मागच्या मार्चात कूलर काढला. नव्या ताट्या लावल्या, टाकीचा गंज खरवडला, पण पंखा करकरायचा. मी त्याला चेनचं तेल दिलं. पंखा असा फिरला की बायको म्हणाली, "वा!" उभ्या संसारात सायकलीवरून मिळालेलं हे पहिलं "वा". ते दहा मिनिटं टिकलं. मग समोरच्या पडद्यावर तेलाचे ठिपके दिसायला लागले.

स्लॅबचं प्रकरण मात्र गंभीर. दोन पावसाळे हॉलमध्ये गळत होतं. आम्ही बादली ठेवली. मागच्या ऑगस्टात मागच्या खोलीत, खुंटीला टांगलेल्या सायकलच्या हँडलवर एक थेंब पडला आणि मी मिस्त्रीला फोन केला. हा क्रम बायकोच्या बरोबर लक्षात राहिला.

मिस्त्री आला, वर पाहिलं, बोटाच्या पेरानं ठोकून पाहिलं. "साहेब, तुमचा स्लॅब पाणी पिऊन राह्यला. कोबा करा लागते. पण आता नाही, दिवाळीनंतर येतो." कोणत्या दिवाळीनंतर ते मी विचारायला हवं होतं. तो उगवला जानेवारीच्या शेवटी, रेसला बरोबर अकरा दिवस असताना. चार दिवसांत विटांचे तुकडे, सिमेंट, वाळू सगळं जिन्यानं वर गेलं. गुडघेवाल्या डॉक्टरांनी मला जिना टाळायला सांगितला होता. मी दिवसाला बावीस खेपा मोजल्या.

काम झाल्यावर मिस्त्रीनं हात धुतले. "आता सात दिवस तराई. आळी करून दिली, त्याच्यात पाणी भरून ठेवा. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. सुकू नका देऊ, नाही तर भेगा पडन."

"सकाळी म्हणजे किती वाजता?"

"पाच-साडेपाचला पाणी येते ना तुमच्या इथं नळाला?"

घोळका निघतो तो पाचला. रेसच्या आधीचा पूर्ण आठवडा मी कानटोपी घालून, पाइप धरून गच्चीवर. चौथ्या दिवशी अंधारात दूर लाल दिवे एका रांगेत सरकताना दिसले. मनात म्हटलं, वारा आज कोण कापतोय कोण जाणे. पाइप आळीत सोडला आणि कठड्याला टेकून पाहत राहिलो, जरा जास्तच वेळ. पाणी आळी भरून बाहेर आलं होतं.

तेवढ्यात खालून आवाज, "अहो! काय करून राहिले वर? तुमच्या सायकलीवर गळतंय!"

मी जिना उतरलो, सायकल खुंटीवरून काढली, हॉलमध्ये नेऊन सोफ्यावर ठेवली, नळ बंद करायला परत वर धावलो, आणि सोफा आठवून पुन्हा खाली. घड्याळ हातावर थरथरलं म्हणून पाहिलं. 164.

म्हणजे 2001 चंच सूत्र बरोबर.