उंदीर मारून लाइम आजार थांबत नाही

‘लाइम आजाराचं मूळ रानातले उंदीर. विष घालून ते संपवा, आजार आपोआप संपेल.’ हा संदेश फार फिरतो आहे. लाइम हा गोचीड चावल्याने होणारा, जंतूंमुळे येणारा आजार. त्यात सत्याचा अंश आहे, म्हणूनच तो पटकन पटतो.

उंदीर जंतू बाळगतो, हे खरं. लाइमचा जंतू बोरेलिया बर्गडॉर्फेरी उत्तर अमेरिकेतल्या पांढऱ्या पायांच्या उंदरात महिनोन्‌महिने राहतो आणि उंदीर मात्र धडधाकट दिसतो. पण उंदराला हात लागल्याने लाइम होत नाही. मध्ये गोचीड लागतोच.

‘गोचीड जन्मतःच जंतू घेऊन येतात’ हे लाइमच्या बाबतीत चूक. अंड्यातून निघालेल्या सहा पायांच्या पिल्लांत हा जंतू जवळजवळ नसतोच. पहिल्यांदा रक्त पिताना तो त्यांच्यात शिरतो. म्हणजे ते पहिलं रक्त कोणाचं, हा खरा प्रश्न. (या जंतूचाच भाऊबंद बोरेलिया मियामोटोई मात्र मादीकडून अंड्यांतही उतरतो. तिथे तर उंदीर मारून साखळी तुटणं आणखी अवघड.)

आता मुख्य दावा: सगळा दोष उंदरांचा. अमेरिकेच्या ईशान्येतल्या, लाइमचा जोर असलेल्या भागातला 2008 साली प्रसिद्ध झालेला अभ्यास पाहा. जंतू घेतलेल्या गोचिडांपैकी उंदरांवर पोसलेले सुमारे 25 टक्के, तर चिचुंद्र्यांवर पोसलेले सुमारे 55 टक्के निघाले. चिचुंद्री सहसा दिसत नाही, म्हणून तिचं नावही कुणी घेत नाही. विष घालणाऱ्यांनी हे आकडे आधी वाचावेत.

‘उंदीर नसले की गोचीड उपाशी मरतील’ हेही टिकत नाही. हा गोचीड दोन-तीन वर्षांच्या आयुष्यात तीनदाच रक्त पितो आणि मधले कित्येक महिने उपाशी काढतो. उंदीर नसला तर खार आहे, पक्षी आहेत. प्रौढ माद्या तर हरणांवर पोसतात.

शिवाय विष खाल्लेला उंदीर कोल्ह्याच्या, घुबडाच्या पोटात जातो. नेदरलँड्समधल्या 2017 च्या अभ्यासात कोल्ह्यांचा वावर जास्त तिथे उंदरांच्या अंगावर गोचिडांची पिल्लं कमी आढळली. म्हणजे मदतनीसच मारायचे!

उंदीर न मारता त्यांना लस देण्याचा प्रयोगही झाला आहे. कनेटिकटमधल्या त्या प्रयोगाचे निष्कर्ष 2004 मध्ये आले: पुढच्या वर्षी जंतू असलेल्या गोचिडांचं प्रमाण घटलं, पण मर्यादितच, कारण बाकीचे प्राणी होतेच. तोवर रानातून आल्यावर अंग तपासा आणि चिकटलेला गोचीड बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. चोवीस तासांच्या आत काढला, तर लाइमचा धोका फार कमी राहतो.