व्हर्नी जंक्शनचं खापर बीचिंगच्या माथी कशाला?

“लंडनची भुयारी रेल्वे पूर्वी बकिंगहॅमशायरमधल्या व्हर्नी जंक्शन गावापर्यंत धावायची. १९६३ साली डॉ. बीचिंगनं कुऱ्हाड चालवली आणि सगळं संपलं.” ओसाड फलाटाच्या फोटोखाली हा मजकूर सारखा फिरतोय. (डॉ. बीचिंग म्हणजे ब्रिटिश रेल्वेचे तेव्हाचे अध्यक्ष; तोट्यातल्या लाइनी बंद करायच्या त्यांच्या १९६३ च्या अहवालामुळे ते ओळखले जातात.) वाक्यं दोन, चुका तीन.

आधी गाव. १८६८ मध्ये स्टेशन उघडलं तेव्हा तिथं गाव नव्हतंच, नुसती शेतं. जवळपास नाव देण्याजोगं काही नाही, म्हणून जमीनमालक सर हॅरी व्हर्नींचं नाव दिलं. (हे फ्लोरेन्स नाइटिंगेलच्या थोरल्या बहिणीचे यजमान.) वस्ती मागाहून झाली आणि तिनंच स्टेशनचं नाव घेतलं. जंक्शन म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे मनमाड येतं; ते चित्र इथं पुसून टाका.

‘भुयारी’ हे अर्धसत्य. १८६३ मध्ये जगातली पहिली भुयारी रेल्वे सुरू करणारी मेट्रोपॉलिटन कंपनीच १८९१ पासून इथवर पोचली, हे खरं. पण इकडची लाइन उघड्या शेतांतली. १९२५ नंतर रिक्मन्सवर्थला विजेचं इंजिन सोडायचं, वाफेचं जोडायचं आणि पुढे निघायचं. १९१० पासून काही गाड्यांना ‘मेफ्लॉवर’ आणि ‘गॅलेटिया’ हे पुलमन म्हणजे आलिशान डबे लागत. आरामखुर्चीत बसून न्याहारी करत साहेब लंडनला कामावर! एवढ्या लांब यायचं कारण म्हणजे अध्यक्ष एडवर्ड वॉटकिन यांचं मँचेस्टर ते पॅरिस रेल्वेचं स्वप्न. मात्र १८९९ मध्ये लंडनला जाणारी ग्रेट सेंट्रल रेल्वे कंपनीची मुख्य लाइन अलीकडच्या क्वेंटन रोडलाच येऊन मिळाली आणि व्हर्नी जंक्शन शेपटाला लटकत राहिलं.

आता बीचिंग. मेट्रोपॉलिटनच्या प्रवासी गाड्या इथून बंद झाल्या जुलै १९३६ मध्ये. तेव्हा हे गृहस्थ २३ वर्षांचे होते. इथून बकिंगहॅमला जाणारा फाटा १९६४ मध्ये गेला, तो खुशाल त्यांच्या खात्यावर लिहा. पण स्टेशन ज्या ऑक्सफर्ड–केंब्रिज मार्गावर होतं, तो त्यांच्या १९६३ च्या अहवालातल्या बंद करायच्या यादीत नव्हताच. इथली शेवटची गाडी १९६७ च्या अखेरीस सुटली. बीचिंग १९६५ मध्येच खुर्ची सोडून गेले होते.

आणि ‘सगळं संपलं’? ऑक्सफर्ड–केंब्रिज मार्ग पुन्हा जोडणाऱ्या ईस्ट वेस्ट रेल प्रकल्पात तिथं नवे रूळ पडलेत. नवं स्टेशन मात्र शेजारच्या विन्स्लोला बांधलंय. व्हर्नी जंक्शनला थांबा नाही.