बॉट कमावतो, पण कशात?

पक्याचा दावा असा, की टीम फोर्ट्रेस २ या ऑनलाइन गेममधल्या टोप्या-हत्यारांची खरेदीविक्री करणारा बॉट (आपोआप चालणारा प्रोग्रॅम) तो गेले काही महिने चालवतोय आणि त्यातून त्याला झोपेत पैसे मिळतात. झोपेत पैसे म्हटल्यावर कट्ट्यावर कोण गप्प बसणार? मास्तरांनी (ते कोणालाच शिकवत नाहीत, हिशेब तपासतात, तरी नाव मास्तरच) लगेच विचारलं, "मिळतात म्हणजे कशात मिळतात?"

"रेफमध्ये."

अण्णांनी आयुष्यात गेम खेळलेला नाही, त्यामुळे आधी त्यांची शिकवणी झाली. ती शमीने घेतली. खेळताना साधी हत्यारं फुकट मिळत राहतात. दोन हत्यारं वितळवली की एक स्क्रॅप, तीन स्क्रॅपचं एक रिक्लेम्ड, तीन रिक्लेम्डचं एक रिफाइंड, म्हणजेच रेफ. थोडक्यात १८ नकोशी हत्यारं म्हणजे एक रेफ. सप्टेंबर २०१० मध्ये या गेममध्ये देवाणघेवाण सुरू झाली आणि खेळाडूंनी आपापसात या धातूलाच चलन करून टाकलं. मोठ्या व्यवहारांना क्रेट, म्हणजे गेममधली बंद पेटी, उघडायची चावी चालते. ती गेमच्या दुकानात २.४९ डॉलरला मिळते.

"आणि एका चावीला किती रेफ?" मास्तर.

"सुरुवातीच्या वर्षांत दोन-चार पडायचे. आता पन्नासच्या पुढे."

"का?"

शमी म्हणाली, "कारण धातू फुकट तयार होतो आणि चावीला खिशातून डॉलर जातात. लोकांनी तर नुसती हत्यारं गोळा करायला रिकामी खाती चालू ठेवली. धातू वाढतच गेला."

मास्तर पक्याकडे वळले. "म्हणजे तुझा गल्ला ज्या नोटांनी भरतोय, त्या नोटा जो तो घरी छापतोय."

पक्याकडे याला उत्तर होतं आणि ते बरोबरही होतं. तो रेफ साठवतच नाही, जमले की चाव्या घेतो. त्याला दुसरंही कारण आहे. प्रत्येक रेफ बॅगेत एक जागा खातं, आणि पूर्ण (म्हणजे नुसत्या फुकट्या नसलेल्या) खात्याची बॅग मुळात ३०० जागांची. आणखी १०० जागा हव्या असतील तर वेगळी वस्तू विकत घ्यायची. पन्नास-साठ रेफ अडवतात तेवढ्या जागांचं काम चावी एकाच जागेत करते. त्यामुळे चाव्यांत मोजायचं, हे सर्वांना मान्य झालं. भांडण पुढे होतं.

पक्या म्हणाला, "टोपी दहा रेफला घ्यायची, साडेदहाला विकायची. मी झोपलेला असलो तरी बॉट ऑफर स्वीकारतो. यात तोटा कुठून येणार?"

इथे शमीने जे सांगितलं ते मला त्या संध्याकाळचं सगळ्यात महत्त्वाचं बोलणं वाटलं. तिने स्वतः असले बॉट चालवलेत आणि बंदही केलेत. तिचं म्हणणं असं: तुझा बॉट भाव कुठून घेतो? बॅकपॅक डॉट टीएफ या साइटवर लोकांनी लावलेल्या यादीतून. बाकीचे बॉट? तिथूनच. सॉफ्टवेअर कोणतं? फुकट मिळणारं, सगळ्यांनी तेच उतरवलेलं. मग तू साडेदहाला लावलीस की दुसरा एक स्क्रॅप कमी करून लावणार, तिसरा आणखी एक. खरेदीच्या बाजूला तेच उलटं. शेवटी फरक उरतो एका स्क्रॅपचा. एक स्क्रॅप म्हणजे रेफचा नववा भाग.

"तरी नऊ सौद्यांत एक रेफ झालाच की," पक्या.

"झाला. पण तुझ्याशी सौदा करायला येतं कोण ते बघ."

बाजारभाव स्थिर असताना बॉटकडे कोणीही येतं, त्यात तुझा एक स्क्रॅप सुटतो. पण भाव हलला की सगळ्यात आधी तो माणूस येतो ज्याला ते तुझ्या बॉटच्या आधी कळलंय. टोपीची किंमत पडली, तर ती तुझ्या बॉटच्या गळ्यात मारायला धावत येतो. वाढली, तर तुझ्याकडची जुन्या भावात उचलून नेतो. म्हणजे चांगले सौदे छोटे आणि वाईट सौदे मोठे. शंभर वेळा एक-एक स्क्रॅप कमावून एका रात्रीत ते सगळं परत द्यायचं. बॉट चोवीस तास जागा असतो ही पक्याच्या लेखी त्याची ताकद. शमीच्या लेखी तीच भानगड, कारण त्याला जागेपणीही काही कळत नाही.

पक्या म्हणाला, भाव असे रोज थोडेच हलतात.

"हलत नाहीत, हलवतात," शमी म्हणाली. एखादी दुर्मीळ, फारशी न विकली जाणारी टोपी बघायची. दोन-तीन खात्यांवरून तिच्यासाठी चढ्या भावाच्या खोट्या मागण्या लावायच्या. बॉटला वाटतं मागणी वाढली, तो आपली खरेदीची किंमत वर नेतो. मग त्याच लोकांनी चौथ्या खात्यावरून ती टोपी बॉटला विकायची आणि मागण्या काढून घ्यायच्या. फसवणूक म्हणायचं तर बॉटने स्वतःच्या मर्जीने घेतलीय. तक्रार कुणाकडे करणार?

आणि जुलै २०१९ चं उदाहरण आहेच. एका अपडेटमधल्या चुकीमुळे काही जुन्या क्रेटमधून दर वेळी 'अनयूज्वल' टोपी निघायला लागली. एरवी तशी टोपी निघणं म्हणजे लॉटरी. ज्या क्रेटना कोणी विचारत नव्हतं त्यांच्यावर झुंबड, आणि टोप्यांचे भाव कोसळले. पुढे व्हॉल्व्हने, म्हणजे गेमच्या कंपनीने, चूक दुरुस्त केली आणि त्या टोप्यांपैकी बहुतेकांची देवाणघेवाण बंद केली. त्या काही तासांत जुन्या भावाने क्रेट विकत बसलेल्या बॉटचं काय झालं असेल याचा अंदाज अण्णांनासुद्धा आला.

मास्तरांना मात्र वेगळाच प्रश्न पडला होता. "समजा चाव्या वाढल्या. त्यांचे खरे पैसे कसे करतोस?"

पक्या जरा थांबला. स्टीमच्या, म्हणजे व्हॉल्व्हच्याच गेमच्या दुकानाच्या, बाजारात विकायचं तर स्टीमचे ५ टक्के आणि गेमचे १० टक्के लागतात. तुला १०० मिळायचे तर घेणाऱ्याने ११५ मोजायचे. आणि ते १०० तुझ्या खात्याच्या पाकिटात येतात, तिथून बँकेत जात नाहीत. त्यातून दुसरा गेम घ्या, बास. रोख हवी तर बाहेरच्या साइटवर जायचं, तिथे त्यांचं कमिशन, आणि चावीला दुकानातल्या २.४९ डॉलरपेक्षा कमीच भाव. साहजिक आहे, पूर्ण किमतीत घ्यायची असेल तर माणूस दुकानातूनच घेईल ना.

"म्हणजे खरा धंदा चावी स्वस्तात रोखीने घेऊन महाग विकणाऱ्याचा आहे," मास्तर म्हणाले. "टोप्यांचा बॉट हा त्याचा गिऱ्हाईक."

मला हे पटलं. ज्यांना यात खरंच पैसे मिळतात असं ऐकू येतं, ते रोख आणि वस्तू यांच्या मधल्या पुलावर बसलेले असतात. त्यांच्याकडे मोठा साठा असतो, अनेक खाती असतात, आणि पूल कधी तोडला जाईल याची धास्तीही असते. टोप्यांच्या अदलाबदलीत पैसे नाहीत असं नाही, पण तिथे तुम्ही पक्यासारख्याच आणखी शेकडो पक्यांशी भांडत असता.

पूल तोडण्यावरून अण्णांनी विचारलं, तो तोडतं कोण? मग व्हॉल्व्हच्याच दुसऱ्या गेमचा, काउंटर-स्ट्राइकचा विषय निघाला, कारण तिथे तो अनेकदा तुटलाय. मार्च २०१८ मध्ये व्हॉल्व्हने नियम आणला, की देवाणघेवाणीत मिळालेली वस्तू ७ दिवस पुढे देता येणार नाही. बॉटचा जीव वेगात. एकाच भांडवलाच्या दिवसाला दहा फेऱ्या करणाऱ्याला आता वर्षभरात जेमतेम ५२ मिळणार. ऑक्टोबर २०१९ मध्ये नव्याने घेतलेल्या चाव्या दुसऱ्याला देणं-विकणंच बंद झालं. विकल्या जाणाऱ्या जवळपास सगळ्या चाव्यांमागे फसवणुकीचा पैसा आहे, असं कंपनीने तेव्हा सांगितलं होतं. ज्या चलनात सगळे मोजत होते तेच एका सूचनेने गोठलं. २०२५ च्या जुलैत आणखी एक: ७ दिवसांच्या आत खातेदाराला आपले व्यवहार उलटवता येतात. चोरी झालेल्यांसाठी चांगली सोय, पण बॉटवाल्याला झालेला सौदा आठवडाभर झाला असं धरता येत नाही. आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात पाच लाल (म्हणजे वरच्या) दर्जाच्या स्किन, म्हणजे हत्यारांची सजावटी रूपं, देऊन चाकू किंवा हातमोजे मिळवायची सोय आली. चाकूंचे भाव धाडकन खाली, लाल स्किनचे वर. चाकूंचा साठा करून बसलेल्यांनी काय चूक केली होती? काहीच नाही.

"आणि मुळात हे नियमात बसतं का?" अण्णा.

शमीने सरळ सांगितलं: स्टीमच्या करारात बाजाराची प्रक्रिया बॉटने चालवायला मनाई आहे, आणि खातं धंद्यासाठी वापरायलाही. आपापसातल्या ऑफर स्वीकारणाऱ्या बॉटकडे कंपनी बहुतेक वेळा काणाडोळा करते. पण २०१६ च्या जुलैत स्किनवर जुगार चालवणाऱ्या २३ साइटना त्यांनी नोटिसा पाठवल्याच, आणि मुद्दा हाच होता की खाती धंद्यासाठी वापरली जातायत. काणाडोळा हा काही परवाना नव्हे. खातं बंद झालं तर आतला माल आतच.

सुरक्षेचं फार लांबवत नाही. बॉटला स्वतःहून व्यवहार पक्का करता यावा म्हणून मोबाइलवरच्या पडताळणीची गुप्त किल्ली सर्व्हरवरच्या फाइलमध्ये ठेवावी लागते. ती फाइल गेली की दोन मिनिटांत बॅग रिकामी. पक्याची फाइल कुठे आहे हे विचारल्यावर त्याने विषय बदलला.

तरी पक्या हरला असं मी म्हणणार नाही. त्याचं शेवटचं म्हणणं होतं की त्याने पदरचा पैसा घातलेलाच नाही. वर्षानुवर्षं पडून असलेल्या टोप्या होत्या, त्यावरच सुरुवात केली. सर्व्हर म्हणजे घरातला जुना लॅपटॉप. वर सौद्यांचा कोड वाचता वाचता तो बऱ्यापैकी प्रोग्रॅमिंग शिकला. हे सगळं खरं आहे. फक्त त्याला 'झोपेत' म्हणू नये. रोज सकाळी उठून भावांची यादी तपासणं, अडकलेल्या ऑफर सोडवणं, अपडेट आल्यावर बॉट बंद करायला धावणं, याचे तास शमीने विचारले तेव्हा तो म्हणाला, "ते मला आवडतं म्हणून करतो." मास्तर म्हणाले, मग तो छंद लिही, पगार लिहू नकोस.

मग त्यांनी त्याला हिशेब मांडायला लावला. पहिल्या दिवशी सगळा माल विकून किती चाव्या झाल्या असत्या, आणि आज किती होतील. पक्याने मोबाइलवर आकडे काढले आणि चेहरा खुलला. चाव्या वाढल्या होत्या.

"न विकलेल्या टोप्या कुठल्या भावाने धरल्यास?"

"मी लावलेल्या विक्रीच्या भावाने."

"तसं नाही चालत. आत्ता, या क्षणी कोणी रोखठोक घेणारा आहे, त्याच्या भावाने धर."

यावर पंधरा मिनिटं वाद. पक्या म्हणे, थांबलो तर विक्रीचा भाव मिळेलच. मास्तर म्हणे, मग मिळाल्यावर लिही. शेवटी कुरकुरत त्याने एकेका टोपीसमोर सगळ्यात चढी खरेदीची मागणी टाकायला सुरुवात केली. वाढ अर्ध्यावर आली, मग आणखी थोडी खाली. एका टोपीपाशी अडला. बराच वेळ स्क्रीन खालीवर केली.

"हिला खरेदीदारच नाहीये."

"मग शून्य."

"अहो मास्तर, चार चाव्या घातल्यात हिच्यात!"

"कुणी विकली तुला?"

त्याने बॉटची नोंद उघडली. पहाटे तीनचा सौदा होता, खातं आता सापडत नव्हतं. शमी मोठ्याने हसली, आणि पक्याने त्या चार चाव्या आकड्यातून वजा केल्या.