हंबरडा

परवा रविवारी तर्री-पोहे खाता खाता सुरू झालेलं बोलणं दुपारपर्यंत भांडणावर गेलं. कारण भुऱ्या. भुऱ्या म्हणजे आमचा कुत्रा. जात-गोत काही नाही, मानेवाडा रोडवर पावसात कुडकुडत सापडला होता, त्याला आता सहा वर्षं झाली. त्याने माझी नवी चप्पल कुरतडली. मी आवाज चढवला, तसे साहेब कान पाडून, शेपूट पायांत घालून, नजर चुकवत सोफ्यामागे गेले.

मी म्हटलं, "पाहा कसा ओशाळला! चूक कळते बरं त्याला."

भाचा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, त्यामुळे त्याला सगळंच येतं. तो म्हणाला, "आत्या, तू पण काहीच्या काही बोलून राहिली. ओशाळला नाही तो, तुझ्या आवाजाले घाबरला."

राग आला, पण पोट्टा बरोबर होता. अलेक्झांड्रा हॉरोविट्झ नावाच्या अमेरिकेतल्या संशोधक बाईंनी 2009 साली नेमकं हेच तपासलं होतं. 14 कुत्री घेतली. मालकाने खाऊ ठेवायचा, खायचा नाही असं बजावायचं आणि खोलीबाहेर जायचं. मालक परत आल्यावर काहींना खरं सांगितलं, काहींना खोटंच सांगितलं की याने खाल्ला. मालक रागावले की कुत्र्याचा चेहरा अपराधी व्हायचा. त्याने खाऊ खाल्ला होता की नाही, याच्याशी त्या चेहऱ्याचा संबंधच नव्हता. उलट ज्यांनी काहीच केलं नव्हतं आणि तरी बोलणी खाल्ली, त्यांचे चेहरे सगळ्यात जास्त पडले.

आणि मी गेली सहा वर्षं त्या चेहऱ्याचे फोटो काढून इथे टाकत आले. "चोर पकडला गेला" असं वर लिहून दोनशे-दोनशे लाइक घेतले. घाबरलेल्या कुत्र्याचे फोटो होते ते.

इथवर मी हार मानली. पण भाच्याने पुढचं वाक्य टाकलं, "म्हणजेच जनावराले भावना-बिवना काही नसते. सगळं केमिकल असते." इथे मात्र माझं पटत नाही. केमिकल तर केमिकल, त्याचंच सांगते.

माझे मामा कुही तालुक्यातले. लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्ट्या तिथेच जायच्या. एका वर्षी त्यांच्या कपिला गायीचं वासरू आठ दिवसांचं असतानाच दगावलं. मामा सकाळी बादली घेऊन बसले तर गायीने पान्हा चोरला. कासेला हात लावू देईना, लावू दिला तर थेंब नाही. रात्री ती हंबरायची, पण कुठेही तोंड करून नाही. गोठ्याच्या ज्या दारातून वासरू उचलून नेलं, त्या दाराकडे तोंड करून. थोडं थांबायची, कान पुढे करून ऐकायची आणि पुन्हा हाक द्यायची. ते ऐकणं माझ्या जास्त लक्षात राहिलंय. नुसतं दुखणं असतं तर ओरडून झाल्यावर कान कशाला टवकारायचे? आम्हा पोरांची झोप मोडायची. मामी म्हणायच्या, "हाका मारू दे तिले. माय हाय ते."

तिसऱ्या दिवशी कोणीतरी इंजेक्शन आणलं. (दूध वाढवायला जनावराला अपाय होईल असं इंजेक्शन देणं 1960 च्या कायद्याने गुन्हा आहे, हे मला खूप पुढे कळलं. तेव्हा गावात ते सर्दीच्या गोळीइतकं साधं वाटायचं.) सुई टोचली आणि बघता बघता कास भरली, बादलीत धारा वाजायला लागल्या. दूध आलं, हंबरणं थांबलं नाही. पुढच्या दोन रात्रीही ती त्याच दाराकडे बघून हाका देत होती.

ते इंजेक्शन ऑक्सिटोसिनचं, म्हणजे शरीरातच बनणाऱ्या एका संप्रेरकाचं. विन्सेंट दु विग्नो यांनी 1953 साली ते प्रयोगशाळेत तयार करून दाखवलं आणि 1955 चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं. नऊ अमिनो आम्लांचा एवढासा रेणू. गायीतला आणि बाईतला अगदी सारखा, एका अणूचाही फरक नाही. माझ्या बाळंतपणात कळा वाढाव्यात म्हणून सलाईनमधून मला जे दिलं ते हेच. बाळाला छातीशी घेऊन मी ढसाढसा रडले, तेव्हा "काही नाही, केमिकल आहे" असं म्हणायची हिंमत कोणी केली नाही. केली असती तर बरं दिसलं नसतं.

आपल्या भाषेने हा निकाल कधीच लावून टाकलाय असं मला वाटतं. पान्हा गायीलाही फुटतो आणि आईलाही. आणि माणसाचं दुःख रडण्यात मावेनासं झालं की मराठीत माणूस काय फोडतो? हंबरडा. शब्द गोठ्यातला आहे. सगळ्यात मोठ्या दुःखासाठी आपल्याला स्वतःचा आवाज पुरला नाही, गायीचा घ्यावा लागला.

तरीही "त्यांच्या भावना अगदी आपल्यासारख्याच" हे मी म्हणणार नाही. चप्पल प्रकरणाने तेवढं शिकवलं. ओशाळण्यासाठी दुसरा आपल्याबद्दल काय विचार करत असेल हे मनात आणावं लागतं. ती वरच्या मजल्यावरची भावना. भीती, राग, खेळ, पिलाची ओढ, ताटातूट या तळमजल्यावरच्या. याक पँकसेप नावाच्या शास्त्रज्ञाने आयुष्यभर हा तळमजला शोधला. मेंदूच्या वरच्या सालीखाली, फार जुन्या भागांत त्याला तो सापडला. वरची साल काढून टाकलेली उंदरांची पिल्लंसुद्धा एकमेकांशी कुस्ती खेळत होती. याच माणसाने उंदरांना गुदगुल्या केल्या. उंदीर 50 किलोहर्ट्झच्या आसपास चिवचिवले. आपला कान 20 च्या पुढे ऐकतच नाही, त्यामुळे यंत्राशिवाय ते कळलंच नसतं. आणि गुदगुल्या करणाऱ्या हातामागे ते उंदीर पुन्हा पुन्हा धावत आले. इतकी वर्षं आपण म्हणत होतो उंदीर हसत नाही. ऐकू येत नव्हतं ते आपल्याला.

2012 साली केंब्रिजमध्ये शास्त्रज्ञांनी जाहीरनामाच काढला, की जाणिवेला लागणारी मेंदूतली यंत्रणा माणसाची एकट्याची नाही, सस्तन प्राण्यांत आणि पक्ष्यांतही ती आहे. मामींची त्यावर सही नव्हती, एवढंच.

आता भाच्याचा शेवटचा मुद्दा. तो म्हणाला, असेल भीती, पण त्यांची भीती आपल्याएवढी खोल नसणार, कारण त्यांच्याकडे शब्द नाहीत, उद्याचा विचार नाही. हे ऐकायला शहाणपणाचं वाटतं. मी त्याला गेल्या लक्ष्मीपूजनाची रात्र सांगितली. भुऱ्या बाथरूममध्ये, बादली आणि भिंतीच्या सांध्यात अंग कोंबून बसलेला. तोंडातून लाळ गळत होती. तुपाची पोळी पुढे धरली तर वासही घेतला नाही. मी फरशीवर बसून त्याच्या बरगड्यांवर तळवा ठेवला तर आत काहीतरी बाहेर पडायला धडपडतंय असं वाटावं. सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली फटाक्यांना रात्री आठ ते दहाची वेळ ठरवून दिली होती; आमच्या गल्लीला कोणी कळवलं नसावं. पण मला माहीत होतं की साडेबारा-एकला हे थांबेल, की हे फटाके आहेत, की छप्पर आपल्यावर पडणार नाही. मी स्वतःला हे सांगू शकत होते. त्याला कोण सांगणार? शब्द नाहीत म्हणून भीती लहान, हे आपण कशावरून ठरवलं? "हे संपणार आहे" एवढं मनात म्हणता न येणाऱ्याची भीती कदाचित आपल्यापेक्षा मोठी असेल.

यावर तो गप्प बसला. पटलं म्हणून नाही, मॅच सुरू झाली म्हणून.

मला यात एक चलाखी दिसते आणि ती मीही करते. ज्या भावना आपल्याला फुकट पडतात त्या आपण जनावरांना सढळ हाताने वाटतो. कुत्रा ओशाळतो, बैल निष्ठावान असतो, गाय तर प्रेमळच. याला काही खर्च नाही. पण कुत्र्याची भीती मान्य केली तर फटाके थांबवावे लागतात. गायीची ताटातूट मान्य केली तर सकाळच्या चहाचं काय करायचं? मी चहा सोडलेला नाही, दुधाचाच पिते, हे आधीच सांगून ठेवते. आपल्या नागपुरात तर तान्हा पोळा भोसल्यांच्या काळापासूनचा. लाकडी बैल सजवायचा, पोरांना नटवून घरोघरी न्यायचं, बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, गोळा करायचा. मला फार आवडतो तो. लाकडाचा बैल म्हातारा होत नाही, बाजारात न्यावा लागत नाही, हेही त्यातलं एक सुख असेल.

मामांकडे मात्र खऱ्या बैलांची जोडी होती, हरण्या आणि बादल. अकरा वर्षं एका जुवाखाली. हरण्या उजवीकडे, बादल डावीकडे. एका श्रावणात हरण्या पोट फुगून गेला. त्यानंतर बादल गोठ्यात एकटाच, पण मधोमध कधी उभा राहायचा नाही. डाव्या अंगाला सरकून, उजवीकडे एका बैलाची जागा सोडून उभा राहायचा. सवय म्हणा, दुःख म्हणा, मला ठरवता येत नाही.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांद शेकतात. मामांनी बादलच्या खांद्याला तूप-हळद चोळली आणि दरवर्षीसारखं म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." मग उजवीकडे त्या रिकाम्या जागेकडे वळले आणि तेच पुन्हा म्हणाले. मामी दारात आरतीचं ताट घेऊन उभ्या होत्या. त्यांनी मामांना काही विचारलं नाही.